मधली रेघ

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा बरं. आळेफाट्याला आमचं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. जळका स्टार्टर घेऊन गिऱ्हाईक आलं की मी आधी स्टार्टर बघत नाही, गिऱ्हाइकाचा चेहरा बघतो. "आपोआप जळला" म्हणणाऱ्या दहांतल्या नऊ जणांनी तो घरी पान्ह्याने खोललेला असतो. माझे वडील हस्तीमलशेठ चाळीस वर्षं त्याच दुकानात बसून सगळ्यांशी गोड बोलत आले. ते म्हणतात, "पारस, तू चुकून दुकानदाराच्या घरी आलास. तू फौजदाराकडे जन्माला यायचास."

याच स्वभावामुळे माझा डबा चालतो, असं मला वाटायचं. डबा म्हणजे विहिरीवरच्या मोटारीचा. आमच्या भागात शेतीची लाईट बहुतेक रात्रीची, आणि रात्री राज्य बिबट्याचं. बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जाणं म्हणजे जिवाशी खेळ. पुण्यात चार वर्षं कॉम्प्युटर शिकून मी परत आलो तेव्हा नातेवाईक म्हणाले, शिक्षण वाया घालवलंस. मी त्याच शिक्षणातून डबा बनवला. लाईट आली की तो मोटार चालू करतो आणि ठरलेल्या वारी ठरलेल्या वावराचा व्हॉल्व उघडतो. शेतकऱ्याने मोबाईलवर प्रत्येक व्हॉल्वला एक नाव द्यायचं, कोणत्या वारी कोणत्या नावाला पाणी ते सांगायचं, आणि दाराला कडी लावून झोपायचं. जुन्नर-आंबेगावात असे साठ डबे लागलेत.

प्रोग्रॅममध्ये नावाला मात्र बंधन असतं. माणूस कोणत्याही नावाला ओ देईल, प्रोग्रॅम देत नाही. अक्षर चालतं, आकडा चालतो, शब्दाच्या तळाशी ओढलेली आडवी रेघ चालते. बाकी खुणांना त्याच्या लेखी दुसरी कामं नेमलेली असतात, म्हणून त्या नावात चालत नाहीत. तेव्हा मी दाराशी एक तपासणी बसवली होती. आलेल्या नावातलं एकेक अक्षर हातात घ्यायचं, उलटसुलट करून बघायचं, चालणारं आहे का ते ठरवायचं, मगच आत सोडायचं. त्या दहा-बारा ओळी माझ्या आवडत्या होत्या. माझाच स्वभाव तिथे उतरलेला होता.

पर्युषण सुरू झालं त्या बुधवारी सकाळी पिंपरी पेंढारहून सारजाबाईंचा फोन आला.

"शेठ, तुमचा डबा म्हणतो पाणी दिलं, आन माझा झेंडू म्हणतो न्हाई दिलं. कुणाचं खरं धरू?"

सारजाबाई साठीच्या आतबाहेरच्या. नवरा सोमाजी जाऊन सहा वर्षं झाली. शेती एकहाती त्याच बघतात. विहीर दोन घरांत मिळून आहे: अर्धी त्यांची, अर्धी धाकट्या दिराची, कुंडलिकतात्यांची. पाण्याची पाळी तीन-तीन दिवसांची, सातवा दिवस विहिरीला. भाऊ गेल्यावरही तात्यांनी पाळीत कधी तासाचा फरक केला नाही, असं सारजाबाईंनीच मला डबा घेताना सांगितलं होतं. तेव्हा मी मनात म्हटलं होतं, बघू किती दिवस.

मी दुपारी गेलो. पावसाने तीन आठवडे ओढ दिलेली. दसऱ्यासाठी लावलेला वीस गुंठे झेंडू माना टाकून उभा होता. ठिबकच्या नळ्यांखालची माती मी बोटाने उकरली. वीतभर खाली कोरडी.

"फिल्टर दोनदा धुतला," सारजाबाई म्हणाल्या. "पाळीच्या राती मोटार चालू झाल्याचं आयकू येतं मला घरात. सकाळी येऊन बघते तर ही आशी गत."

मी डबा उघडून नोंद बघितली. त्यांच्या पाळीच्या प्रत्येक रात्री एकच ओळ: गट २१/४, चार तास, चालू. त्यांच्या या वावराला गावात 'चिंचंखालचं' म्हणतात, पण मोबाईलमध्ये त्यांनी सातबारावरचा गट नंबर लिहिला होता. मी कारण विचारलं होतं तेव्हा म्हणाल्या होत्या, "चिंचंखालचं म्हणलं तर उद्या कोण म्हनंल चिंच माझी. गट नंबर सरकारचा. त्यात कुणाला शिरता येत न्हाई." मला ते उत्तर फार आवडलं होतं. आपल्यासारखंच कुणी भेटलं की बरं वाटतं.

मग डब्यावरचं त्यांच्या व्हॉल्वचं, एक नंबरचं बटण हाताने दाबलं. लाईट नव्हती, म्हणून गाडीतल्या जनरेटरवर मोटार चालवली. पाच मिनिटांत सगळ्या नळ्यांतून टपटप पाणी पडायला लागलं. म्हणजे मोटार ठीक, पाईप ठीक, व्हॉल्व ठीक, डबा ठीक. चार गोष्टी ठीक असल्या की पाचवी माणूस उरते.

"इतक्यात इथे नवीन काय झालंय?" मी विचारलं, जरी मला माहीत होतं.

"भावजींनी वड्याकडच्या उसाला पाईप नेला. तिसरा व्हॉल्व तुमीच बसवला की, आखाडाच्या आवसंला."

"आणि झेंडू कधीपासून सुकतोय?"

सारजाबाईंनी चष्मा काढून पदराला पुसला.

त्यांनी ओट्यावर चहा आणला. पर्युषणात मी एकासणं करतो, दिवसातून एकदाच बसून जेवायचं, मधे काही नाही. पण "नको" म्हटलं की लोकांना वाईट वाटतं, कारणं सांगत बसावं लागतं. त्यापेक्षा मी कप हातात घेतो, बोलता बोलता बाजूला ठेवतो आणि उठून येतो. सगळीकडे असंच करतो. कुणाच्या लक्षात येत नाही.

उठताना मी म्हणालो, "मावशी, डबा खोटं बोलत नाही. डब्याला हात नसतात. हात माणसाला असतात."

"म्हंजी?"

"व्हॉल्वच्या वायरी इकडच्या तिकडे करायला पाच मिनिटं लागतात. मग डबा समजतो तुमचं वावर भिजतंय, आणि भिजतं दुसऱ्याचं."

मी कुणाचं नाव घेतलं नाही. नाव न घेता बोलण्यात मी स्वतःला मोठा हुशार समजत होतो. पण ज्या विहिरीवर दोनच घरं आहेत, तिथे नाव घ्यायचं राहतं कुठे?

शनिवारी गोकुळने बातमी आणली. गोकुळ आमच्याकडे जळलेल्या मोटारी भरतो. राहणारा पिंपरी पेंढारचा. तार गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "शेठ, सारजाकाकूनी भावकी बसावली. कुंडलिकतात्याला म्हनली, सोमवारी वझरला चला, इघ्नहराच्या पायरीला हात लावून सांगा पाणी चोरलं न्हाई म्हून."

"तात्या काय म्हणाले?"

"काय न्हाई. 'चला' म्हनला. घरी जाऊन जेवला बी न्हाई."

आमच्या इकडे ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे: शपथेने खरंखोटं होत नाही, घरं तुटतात. ज्याला पायरीला हात लावायला लावला, तो लावायला लावणाऱ्याच्या घरचं पाणी पुन्हा पीत नाही. त्यांची पोरं एकमेकांच्या लग्नात जेवत नाहीत. सोमाजींच्या तेराव्याला डोईवर घमेली वाहिलेला तो माणूस, आणि सारजाबाईंना भाऊ म्हणून तोच काय तो. सोमवारी सकाळी एकतर तो चोर ठरणार होता किंवा परका, आणि दोन्ही माझ्या एका वाक्यावर.

अर्थात तेव्हा मला त्याचं वाईट वाटत होतं ते चोर पकडला जाणार म्हणून. तो चोर नसेल, असं मनात आलं नव्हतं.

वडिलांनी गोकुळचं बोलणं ऐकलं होतं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"वायरी बदलल्या, हे तू बघितलंस?"

"बघायचं काय त्यात? दुसरं काही शक्यच नाही."

"व्हॉल्वच्या पेटीला तू सील लावतोस ना? चेतनाचं नेलपॉलिश नेऊन?"

लावतो. माझ्या बायकोच्या लाल नेलपॉलिशचा एक टिपका अर्धा स्क्रूवर, अर्धा पेटीवर. स्क्रू कुणी फिरवला की टिपका तडकतो. शेतकरी पेटी खोलून ठेवतात आणि नंतर मला बोल लावतात, म्हणून ही युक्ती.

"बघितलंस ते?"

बुधवारी उशीर झाला होता, पेट्या बाभळीच्या कुंपणाच्या पलीकडे होत्या, आणि निकाल माझ्या डोक्यात आधीच लागला होता. "नाही," मी म्हणालो.

"ज्याला चोर म्हणालास, त्याच्या दाराचं कुलूप तरी बघून यायचंस," वडील म्हणाले आणि पुन्हा पेपरात शिरले.

रविवारी सकाळी पिंपरी पेंढारला गेलो, कुणाला न कळवता. आधी एक नंबरची पेटी बघितली, सारजाबाईंची. टिपका शाबूत. दोन नंबरची, तात्यांच्या जुन्या वावराची. शाबूत. मग ओढ्याकडे उतरलो. उसाच्या कडेला तीन नंबरची पेटी. तिचाही टिपका लावला तसाच, चकचकीत. नखाने खरवडून बघितला. तिसऱ्या कुणी दुसरं नेलपॉलिश आणून वर लावलं असेल, हाही विचार माझ्या डोक्यात आला होता. लाज वाटते, पण आला होता.

आणि तिथेच माझा पाय घोट्यापर्यंत रुतला. तीन आठवडे पाऊस नसताना ऊस चिखलात उभा होता. पाणी इथे येत होतं, रोज रात्री, पोटभर.

"काय बघताय शेठ वाकून?"

कुंडलिकतात्या बांधावर उभे होते. अंगाने किरकोळ माणूस, खांद्यावर विळा. मी दचकून उभा राहिलो.

"तात्या, तुमच्या उसात एवढं पाणी कसं?"

ते खाली उतरले नाहीत. "हाय का पाणी? मला ठावं न्हाई. पिल्लावाली मादी हाय उसात. पंधरा दिस या अंगाला कुणी फिरकत न्हाई. तुमी बी वर या आधी."

चिखलात बिबट्याची बशीएवढी पावलं उमटली होती. मी वर आलो. तरीसुद्धा मनात म्हणत होतो, काय सोंग वठवतोय. आपल्या उसात पाणी तुंबलंय आणि याला ठाऊक नाही.

"उद्या ओझरला जाणार म्हणे तुम्ही," मी म्हणालो.

"जानार." ते विळ्याची धार अंगठ्याने बघत होते. "वहिनीनं मला तोंडानं इचारलं असतं ना शेठ, तर हितंच उत्तर दिलं असतं. देवाला कशाला तरास." मग म्हणाले, "तुमी शिकल्याली मानसं. तुमाला काय वाटतं, मी केलं आसंल?"

मी म्हणालो, "बघतो." एवढंच म्हणालो. त्या माणसाच्या तोंडावर "नाही" म्हणायची माझी हिंमत झाली नाही आणि "हो" म्हणायचीही.

दुकानात येऊन मी प्रोग्रॅम उघडला. पाणी उसात, सील शाबूत; म्हणजे डब्यानेच गट २१/४ म्हणत तिसरा व्हॉल्व उघडला. आता संशय कुणावर घ्यायचा? मी संयमवर घेतला. संयम माझा चुलतभाऊ, पुण्यात नोकरी करतो, दोन-तीन वर्षांपूर्वी त्याने मला प्रोग्रॅममध्ये मदत केली होती. फोन लावून म्हटलं, "तू कुठे काय घोळ घालून ठेवला आहेस?"

तो शांतपणे म्हणाला, "पारसदादा, प्रत्येक ओळ कुणी आणि कधी लिहिली त्याची नोंद असते. बघ ना."

बघितली. तासभर एकेक ओळ वाचत गेलो आणि माझ्या आवडत्या तपासणीपाशी आलो. अक्षर चालतं का? चालत असेल तर घे. चालत नसेल तर...

तिथे मला वाटलं होतं तसं नव्हतं. मला वाटत होतं, चालत नसेल तर नाव परत पाठव, लाल अक्षरांत सांग की हे चालणार नाही. ती ओळ पुसलेली होती. तिच्या जागी होतं: चालत नसेल तर तेवढी खूण गाळ आणि पुढे जा. शेजारी मराठीत शेरा: "लोकांची कटकट बंद." खाली नाव माझं, तारीख दोन वर्षांपूर्वीच्या कांदा लागणीतली.

आणि मग आठवलं. त्या महिन्यात नव्या डब्यांबद्दल रोज वीस-वीस फोन यायचे. "शेठ, लाल काय आलंय?" "राव, नाव घेत न्हाई हा." कुणी नावात टिंब द्यायचं, कुणी कंस, कुणी मोकळी जागा. प्रत्येकाला समजावता समजावता घसा बसला. एका संध्याकाळी वैतागून मी डब्याचं तोंड बंद केलं. पडद्यावर शेतकऱ्याने लिहिलेलं नाव जसंच्या तसं दिसत राहील, आतमध्ये मी त्यातलं नको ते काढून टाकीन. कुणाला कळायची गरज नाही. दुसऱ्या दिवसापासून फोन थांबले. मी ते विसरूनही गेलो.

बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी दोन नावं लिहिली. सारजाबाईंचं वावर, गट २१/४. तात्यांचा ऊस, गट २/१४. तिरकी रेघ प्रोग्रॅमला नावात चालत नाही. ती दिसली की तो भागाकार करायला बसतो. म्हणून ती गाळली जाते. मी दोन्हींतली रेघ पेनाने खोडली. गट २१४. गट २१४.

एकाच नावाने दोनदा नोंद आली, तर शेतकरी आपली चूक दुरुस्त करतोय असं मी धरून चाललो होतो. नंतरची खरी मानायची. आषाढाच्या अवसेला तात्यांनी तिसऱ्या व्हॉल्वचं नाव टाकलं आणि त्या क्षणापासून सारजाबाईंचं नाव उसाकडे बोट दाखवू लागलं. दोघांनीही फसवणूक होऊ नये म्हणूनच गट नंबर लिहिले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो मी घातला होता, आणि वाटेत एका भल्या माणसाला चोर म्हणून आलो होतो.

खरं सांगतो, पहिला विचार माफीचा आला नाही. पहिला विचार आला तो असा, की सोमवारी सकाळी डब्यात बसवायचं नवीन सर्किट कार्ड घेऊन जावं आणि सांगावं, विजेच्या दाबाने जुनं कार्ड बिघडलं होतं. कोण तपासणार? या तालुक्यात ती ओळ वाचू शकणारा मी एकटा. तात्या सुटतील, सारजाबाईंना पाणी मिळेल, साठ डब्यांचं नाव राहील. सगळ्यांचंच भलं. असा विचार मी किती वेळ केला, तेही सांगतो: दिवाबत्तीची वेळ होईपर्यंत.

मग वडिलांना सगळं सांगितलं, कार्डाच्या विचारासकट. त्यांना प्रोग्रॅममधलं काही कळत नाही, पण खोडलेल्या रेघा त्यांनी नीट बघितल्या.

"बुधवारी संवत्सरी," ते म्हणाले. "तू त्या दिवशी काय करतोस?"

"मिच्छामी दुक्कडमचा मेसेज पाठवतो."

"किती जणांना?"

"चारशे. सगळ्या गिऱ्हाइकांना."

"त्यात कुंडलिक आहे?"

"आहे."

"यंदा त्याला मेसेज पाठवू नकोस. उद्या जा." आणि ते आत गेले.

सोमवारी सकाळी सात वाजता ओझरला, विघ्नहर गणपतीच्या देवळापाशी पोचलो. दुसऱ्या दिवशी चतुर्थी, त्यामुळे हार-दुर्वांच्या पाट्या आत्ताच रस्त्यापर्यंत आल्या होत्या. दीपमाळेजवळ भावकीतली पाच-सहा माणसं घोळका करून उभी होती. सारजाबाई एका बाजूला. कुंडलिकतात्या दुसऱ्या बाजूला, आंघोळ करून आलेले, अनवाणी, हातात नारळ. त्या दोघांच्या मधे तीन-चार पावलांची जागा होती आणि तिथे कुणी उभं राहत नव्हतं. मी जाऊन तिथे उभा राहिलो, कारण दुसरीकडे उभं राहून ते बोलता आलं नसतं.

"शपथ घेऊ नका, तात्या," मी म्हणालो. "पाणी तुम्ही चोरलं नाही. चूक माझी आहे."

खिशातून तो बिलाचा कागद काढला आणि सगळं सांगितलं. दोन नंबर, दोन रेघा, खोडल्यावर राहिलेलं एकच नाव. भावकीतले रखमाजीबुवा कागदावर बोट ठेवून दोनदा बघत राहिले आणि मग त्यांनी तो सारजाबाईंकडे दिला. त्यांनी चष्मा लावून वाचला.

तात्यांनी कागद बघितला नाही. माझ्याकडे बघत म्हणाले, "डब्याला रेघ चालत नव्हती?"

"नाही."

"मंग त्यानं तसं सांगायचं. आमी दुसरं नाव दिलं असतं. नावाला काय तोटा हाय का?"

"आधी तो सांगायचा. लोकांचे फोन फार यायला लागले म्हणून मी त्याचं सांगणं बंद केलं."

"आन वायरी बदलल्या, हे बी डब्यानंच सांगितलं का वहिनीला?"

"ते मी सांगितलं. पेटी न बघता सांगितलं." मी हात जोडले. "तात्या, मावशी, मिच्छामी दुक्कडम. आमच्यात वर्षातून एकदा असं म्हणतात. माझ्या मनाने, माझ्या बोलण्याने तुमचं वाईट झालं. त्याची माफी मागतो."

चारशे जणांना एका बोटाने पाठवलेलं ते वाक्य तोंडाने म्हणायला एवढं जड असेल, याची मला कल्पना नव्हती. दर्शनाची रांग आमच्या बाजूने पुढे सरकत होती.

"भावजी," सारजाबाई म्हणाल्या, "मी तुमाला इचारलं न्हाई."

"न्हाई इचारलं," तात्या म्हणाले.

"तुमाला इचारायला पायजे व्हतं मी." त्या रडत होत्या आणि डोळे पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

तात्यांनी खाली बसून पायरीजवळच्या दगडावर नारळ फोडला. देवाकडे एकदा बघितलं. एक कवड सारजाबाईंच्या हातात दिली. "घ्या वहिनी. आन आठ दिस माझ्या पाळीचं पाणी झेंडूला घ्या. दसरा हाय म्होरं."

उरलेल्या कवडीचा एक तुकडा काढून त्यांनी माझ्यापुढे धरला. मी घेतला. सवयीने घेतला, आणि सवयीनेच माझा हात खिशाकडे चालला होता. गाडीत बसलो की बाजूला ठेवून दिला असता, कुणाला कळलं नसतं. हात अर्ध्यात थांबला.

"तात्या, मला हे चालत नाही," मी म्हणालो. "पर्युषण आहे. या दिवसांत आम्ही ओला नारळ खात नाही."

तात्यांनी तुकडा परत घेतला. रागावले नाहीत. उलट कालपासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला. "हां," ते म्हणाले, "आता कसं सांगितलं. येवढंच त्या डब्याला शिकवा." आणि तो तुकडा त्यांनी स्वतः खाल्ला.

सारजाबाई माझ्याकडे बघत होत्या. "म्हंजी बुधवारी च्या तसाच ठिवला तुमी, तो बी यामुळंच?"

"तुम्ही बघितलं होतं?"

"भरला कप मीच उचलला की. मला वाटलं, आमच्या घरचं तुमाला चालत न्हाई." त्यांनी पदर नीट केला. "ज्याला आपल्या घरचं चालत न्हाई, दोघांतल्या कुणाचंच काय पडलेलं न्हाई, त्यो मानूस घरातल्या भांडणात कशाला खोटं बोलंल, आसं बी वाटलं. म्हून तुमचं खरं धरलं."

मी म्हणालो, "मोबाईलवर तुमच्या वावराचं नाव आजच बदलून देतो, म्हणजे पाणी सुरू होईल. बुधवारी आमची संवत्सरी. गुरुवारी सकाळी डबा दुरुस्त करायला येतो, मावशी. चहा घेईन."

"या," सारजाबाई म्हणाल्या. "भावजींना बी बोलावते."